अस्सल, नक्कल आणि तात्पुरती फाइल : दृश्य-संकलनातील पुसण्याच्या प्रथेचा इतिहास

प्रस्तावना

दृश्य-संकलनाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा पडद्यावर एक सूचना दिसते : हार्ड डिस्कवर जागा शिल्लक नाही. त्यावर जाणकारांचा पहिला सल्लाही ठरलेला असतो. संकलनाच्या सॉफ्टवेअरने बाजूला साठवलेल्या तात्पुरत्या फायली, म्हणजेच 'मीडिया कॅश', काढून टाकाव्यात. चित्र अडखळू लागले, ध्वनी आणि ओठ यांचा मेळ बसेनासा झाला किंवा ध्वनिलहरींची आकृती भलत्याच मुलाखतीची दिसू लागली, तरीही सल्ला हाच असतो. बहुतेक वेळा तो योग्यही असतो. कॅश रिकामी केल्याने काही गमावत नाही. सॉफ्टवेअर मूळ फायली पुन्हा वाचते आणि त्या तात्पुरत्या फायली नव्याने तयार करते.

या सल्ल्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे. मूळ कोणते आणि त्यापासून निघालेले कोणते, हे पुसणाऱ्याला पक्के ठाऊक असते, असे त्यात मानलेले असते. इतिहासाच्या अभ्यासकांना हा प्रश्न नवा नाही. अस्सल पत्र, त्याची नक्कल आणि त्याआधीचा खर्डा यांतील भेद आपण दफ्तरखान्यात पहिल्याच दिवशी शिकतो. अस्सल उपलब्ध असताना नकलेला दुय्यम स्थान असते. अस्सल नष्ट झाले की तीच नक्कल आपला मुख्य आधार बनते. प्रस्तुत लेखात दृश्य-संकलनातील तात्पुरत्या सामग्रीचा इतिहास याच भेदाच्या आधारे पाहावयाचा आहे. संकलनाचे तंत्र जसजसे बदलत गेले, तसतशी अस्सल आणि नक्कल यांमधील सीमारेषा सरकत गेली; पुसण्याची सवय मात्र जुन्याच रेषेला धरून राहिली. आजवर झालेले मोठे नुकसान बहुतांशी या अंतरातून झाले आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

'कॅश' या संज्ञेविषयी

मराठी वाचकाला 'कॅश' म्हटले की प्रथम रोकड आठवते. त्या शब्दाशी या शब्दाचा संबंध नाही. लपविणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून हा शब्द आला असून उत्तर अमेरिकेतील कातड्यांचे फ्रेंच व्यापारी जमिनीत पुरून ठेवलेल्या सामानासाठी तो वापरीत. आपल्याकडील धान्याच्या पेवाची येथे सहज आठवण व्हावी. संगणकशास्त्रात जवळच्या, जलद स्मृतीची कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली मांडली, तेव्हा त्यांनी तिला 'दास-स्मृती' या अर्थाचे नाव दिले होते. पुढे आयबीएमच्या सिस्टिम ३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या यंत्राचे वर्णन १९६८ साली त्याच कंपनीच्या नियतकालिकात प्रसिद्ध व्हावयाचे होते. लेखातील 'जलद मध्यस्थ स्मृती' या अर्थाचा लांबलचक शब्दप्रयोग संपादकांना रुचला नाही. त्यांनी सुचविलेला 'कॅश' हा शब्द रूढ झाला.

संज्ञेचा अर्थ स्पष्ट आहे. दूर असलेल्या किंवा सावकाश हाती येणाऱ्या वस्तूची एक प्रत हाताशी ठेवावयाची. ती गेली तरी मूळ जागेवर असतेच. कॅशमध्ये असलेली वस्तू व्याख्येनेच नक्कल असते. संगणकाच्या पोटातील कॅशबाबत हे सामान्यतः खरे असते, कारण तेथे काय ठेवावे हे यंत्र स्वतः ठरविते. संकलनाच्या मेजावर ते माणूस ठरवितो. म्हणून तेथील इतिहास इतका सरळ नाही.

फिल्मचा काळ : कापावयाची प्रत आणि न कापावयाची प्रत

इव्हान सेरुरिये यांचे मूव्हिओला हे यंत्र १९२४ साली संकलकांच्या हाती आले आणि पुढील अनेक दशके चित्रपटाचे संकलन म्हणजे प्रत्यक्ष फिल्म कापणे व जोडणे होते. परंतु कापली जाणारी फिल्म कॅमेऱ्यातून निघालेली निगेटिव्ह नव्हती. निगेटिव्ह रसायनशाळेतच जपून ठेवली जाई. तिच्यावरून एक साधी पॉझिटिव्ह प्रत काढली जाई; तिला 'वर्क प्रिंट' म्हणत. संकलक ही प्रत कापी, चिकटवी, पुन्हा सोडवी. तिच्यावर मेणाच्या पेन्सिलीने खुणा होत, ओरखडे पडत, कडा फाटत. त्याचे कोणाला दुःख नसे. एखादा तुकडा अगदीच खराब झाला तर निगेटिव्हवरून पुन्हा छापून घेता येई.

निगेटिव्ह आणि ही प्रत यांना जोडणारा दुवा फिल्मच्या कडेला छापलेले क्रमांक हा होता. संकलन अंतिम झाले की त्या क्रमांकांच्या साहाय्याने निगेटिव्ह कापणारा कारागीर मूळ निगेटिव्ह तशीच जुळवी. हे काम एकदाच करावयाचे असे. निगेटिव्ह जोडताना सांध्यासाठी लगतची चौकट खर्ची पडे. चुकीच्या जागी कापलेली निगेटिव्ह पूर्ववत होत नसे. त्यामुळे या कारागिराच्या खोलीत हातमोजे, शांतता आणि धास्ती हे तिन्ही असत.

येथे अस्सल आणि नक्कल वेगवेगळ्या इमारतींत राहत होती, ही बाब महत्त्वाची आहे. संकलकाने आपली संपूर्ण खोली रिकामी केली असती तरी चित्रपट नष्ट झाला नसता. अर्थात, चित्रपट प्रदर्शित झाल्यावर निगेटिव्हचे काय होई, ही निराळी आणि आपल्या दृष्टीने लाजिरवाणी कथा आहे. मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झालेल्या 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची उभारणी करणारे पी. के. नायर सांगत की त्यांनी शोध घेतला तेव्हा त्या चित्रपटाची रिळे चांदी काढून घेण्यासाठी निकालात निघाल्याचे निर्माते अर्देशिर इराणी यांच्या घरातूनच त्यांना कळले. हे संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. तोवर मूकपटांचे आणि आरंभीच्या बोलपटांचे बहुतेक भांडार गेलेले होते. येथे काय पुसले जात आहे, हे पुसणाऱ्याला ठाऊक होते. नक्कल समजून अस्सल पुसण्याची चूक ही नव्हती. तिला पुढचे माध्यम यावे लागले.

टेपचा काळ : पुसता येणारे अस्सल

अँपेक्स कंपनीने १९५६ साली दोन इंच रुंदीच्या टेपवर दृश्ये मुद्रित करणारे यंत्र बाजारात आणले. फिल्म एकदा वापरली की संपली. टेप मात्र पुसून पुन्हा वापरता येत होती. टेप फार महाग होती आणि दूरचित्रवाणी संस्थांच्या दृष्टीने पुनर्वापर हीच तिची मोठी सोय होती. साध्या वाटणाऱ्या या गुणधर्माने जतनाच्या जुन्या रचनेला सुरुंग लावला, कारण आता अस्सल सामग्री आणि कोरी सामग्री ही एकच वस्तू झाली.

ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनची हकिगत सर्वज्ञात आहे. १९६३ साली सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या मालिकेच्या टेप १९६७पासून पुसल्या जाऊ लागल्या. पुनःप्रक्षेपणाचे हक्क मर्यादित होते, रंगीत दूरचित्रवाणी आल्यावर कृष्णधवल भाग कोणी पाहील असे वाटत नव्हते आणि टेपची गरज रोजची होती. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या १६ मिलिमीटर फिल्मच्या प्रतीही पुढे नष्ट करण्यात येऊ लागल्या. टेप-विभागाचा समज असा की फिल्म-विभाग जतन करीत आहे, फिल्म-विभागाचा समज याच्या उलट. दोन्ही विभागांवर जबाबदारी असल्याने ती कोणावरच नव्हती. १९७८ साली हा प्रकार थांबला. पुढे जे काही भाग हाती लागले, ते बहुतांशी परदेशी विक्रीसाठी काढलेल्या नकलांच्या रूपाने. २०१३ साली नायजेरियातील एका दूरचित्रवाणी केंद्राच्या साठ्यातून नऊ भाग मिळाल्याचे जाहीर झाले. ज्या भागांचे चित्र मिळाले नाही, त्यांचाही ध्वनी सर्वच्या सर्व उपलब्ध आहे; कारण त्या काळी काही प्रेक्षकांनी घरच्या ध्वनिमुद्रकावर तो टिपून ठेवला होता. चित्र गेले, आवाज राहिला. या तपशिलाकडे आपल्याला लेखाच्या अखेरीस पुन्हा यावयाचे आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११च्या चांद्रयानातून आलेले चित्र सेकंदाला १० चौकटी आणि ३२० रेषा अशा संथ पद्धतीचे होते. भूस्थानकांवर ते प्रक्षेपणयोग्य पद्धतीत रूपांतरित झाले. जगाने पाहिले ते हे रूपांतर, आणि त्यात मूळ चित्राची स्पष्टता बरीच घटलेली होती. मूळ संदेश दूरमापनाच्या टेपवर राखीव म्हणून मुद्रित केलेला होता. प्रक्षेपण सुरळीत पार पडल्याने राखीव टेपचे प्रयोजन संपले, असे मानले गेले. टेपचा तुटवडा भासू लागल्यावर अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने असंख्य जुन्या टेप पुसून नव्या मोहिमांसाठी वापरल्या. अपोलो ११च्या या टेपही त्यांतच गेल्या असाव्यात, हा निष्कर्ष संस्थेने २००९ साली जाहीर केला. या टेपना 'राखीव' हे नाव दिल्यामुळे त्या नक्कल ठरल्या होत्या. वस्तुतः अस्सल तेच होते आणि जपून ठेवलेले प्रक्षेपण ही त्याची उतरलेली नक्कल होती.

संगणक : अस्सल बाहेर, नक्कल आत

सीबीएस आणि मेमोरेक्स यांनी मिळून उभ्या केलेल्या सीएमएक्स कंपनीचे ६०० क्रमांकाचे यंत्र १९७१ साली आले. टेप पुढेमागे न फिरवता कोणत्याही दृश्यावर थेट जाता येईल असे हे पहिले संकलन-यंत्र. कपडे धुण्याच्या यंत्राएवढ्या मोठ्या डिस्क-पेट्यांत कमी प्रतीचे कृष्णधवल चित्र साठविले जाई आणि सर्व पेट्या मिळून जेमतेम अर्धा तासाची सामग्री मावे. पुढील काम घ्यावयाचे तर आधीचे पुसणे अपरिहार्य होते. तात्पुरती दृश्ये पुसून जागा मोकळी करण्याच्या आजच्या प्रथेचा आरंभ येथे मानावयास हरकत नाही. आणि ते पुसणे निर्धोक होते. डिस्कवरील चित्र नक्कल. अस्सल टेपवर, कपाटात.

ॲव्हिड कंपनीचे पहिले यंत्र १९८९ साली प्रदर्शित झाले आणि नव्वदीच्या दशकात ही पद्धत सर्वत्र पसरली. डिस्क महाग असल्याने टेपवरील चित्रण मुद्दाम हलक्या प्रतीत संगणकात उतरविले जाई. संकलन झाले की निर्णयांची यादी तयार होई : अमुक टेप, या क्षणापासून त्या क्षणापर्यंत. यादी टाइमकोडच्या भाषेत असे आणि फिल्मच्या कडेवरील क्रमांकांचे कार्य टाइमकोड करी. त्या यादीवरून अंतिम कृती मूळ टेपवरून बनविली जाई आणि डिस्कवरील सर्व दृश्ये पुसली जात. वॉल्टर मर्च यांना ज्या संकलनासाठी ऑस्कर मिळाले, तो 'द इंग्लिश पेशंट' हा १९९६चा चित्रपट ॲव्हिडवर पूर्ण झाला. त्याची निगेटिव्ह मात्र फिल्मच्या कपाटात सुरक्षित होती. फिल्मच्या काळातील शिस्त नव्या यंत्रात जशीच्या तशी उतरली होती.

१९९५ साली डीव्ही पद्धत आली आणि सामान्य शिक्षणसंस्थांनाही संकलन परवडू लागले. आपल्याकडील जनसंज्ञापन विभागांत ज्या पहिल्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्या बहुधा या डीव्ही कॅसेटवर. एका तासाचे डीव्ही चित्रण सुमारे १३ गिगाबाइट जागा व्यापते. त्या काळच्या २० किंवा ४० गिगाबाइटच्या डिस्कवर दोन विद्यार्थ्यांचे प्रकल्प एकत्र नांदणे कठीण होते. साहजिकच प्रत्येक सत्राच्या शेवटी डिस्क साफ करणे हा प्रयोगशाळेचा नित्यक्रम झाला. कॅसेटवर नाव घालून ती कपाटात ठेवावयाची आणि संगणकावरील सर्व काही पुसावयाचे.

१९९९ साली आलेल्या ॲपलच्या फायनल कट प्रो या सॉफ्टवेअरने हीच समजूत फोल्डरच्या नावांत नोंदवून ठेवली, आणि माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा हाच आहे. हे सॉफ्टवेअर 'स्क्रॅच डिस्क' निवडावयास सांगे. स्क्रॅच म्हणजे कच्च्या कामाची जागा. आपल्याकडे पाटी म्हणता येईल. त्या जागेत ते स्वतःच काही फोल्डर तयार करी. दृश्य-परिणामांच्या तयार फायलींचा एक, तशाच ध्वनीचा एक, ध्वनिलहरींच्या आकृत्यांचा एक, छोट्या चित्रांचा एक आणि टेपवरून उतरविलेल्या चित्रणाचा एक. या शेवटच्या फोल्डरचे नाव होते 'कॅप्चर स्क्रॅच'. म्हणजे प्रत्यक्ष चित्रणही पाटीवरचेच मानलेले होते. कॅसेट कपाटात होती, तोवर ते बरोबरही होते.

कॅसेट गेली

सोनीची डिस्कवर मुद्रण करणारी पद्धत २००३ साली आणि पॅनासॉनिकची पी-टू ही स्मृतिकार्डाची पद्धत २००४ साली आली. आरंभीच्या ४ गिगाबाइटच्या पी-टू कार्डावर डीव्ही प्रतीचे जेमतेम पाव तासाचे चित्रण मावे आणि कार्ड इतके महाग होते की ते कपाटात ठेवण्याची कल्पनाही कोणी केली नसती. कार्ड भरले की संगणकावर उतरवावयाचे, पुसावयाचे आणि पुन्हा कॅमेऱ्यात घालावयाचे. २००६ साली एव्हीसीएचडी ही पद्धत आली, २००८ साली कॅननचा फाइव्ह डी मार्क टू हा छायाचित्रणाचा कॅमेरा पूर्ण एचडी चित्रण करू लागला आणि दशक संपता संपता टेप मागे पडली.

या बदलाचे वर्णन सामान्यतः वेग आणि चित्रप्रत यांच्या भाषेत केले जाते. जतनाच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा होता. कार्ड पुसले गेल्याच्या क्षणी डिस्कवरील प्रत अस्सल झाली. तोच संगणक, तेच फोल्डर आणि तशाच दिसणाऱ्या फायली. परंतु काल निश्चिंतपणे पुसता येणारी वस्तू आज एकमेव होती. फायनल कट प्रोच्या २००७च्या आवृत्तीत कार्डावरील चित्रण घेण्याची नवी सोय आली, तेव्हा ते चित्रणही जाऊन बसले ते जुन्याच 'कॅप्चर स्क्रॅच' या फोल्डरमध्ये. अस्सलाच्या अंगावर पाटीचे नाव तसेच राहिले.

ॲव्हिडची स्थिती फार निराळी नव्हती. मूळ चित्रण आणि संकलनाच्या ओघात सॉफ्टवेअरने घडविलेल्या तात्पुरत्या फायली तेथे एकाच फोल्डरमध्ये, यंत्राने दिलेल्या दुर्बोध नावांनी राहत. त्या वेगळ्या ओळखण्याचे साधन सॉफ्टवेअरमध्ये होते. पण त्यातील कोणत्या चौकोनात खूण करावी आणि कोणता मोकळा सोडावा, हे संकलकाला माहीत असावे लागे. सॉफ्टवेअर बंद करून थेट फोल्डर उघडणाऱ्याला तर काहीच कळण्याचा मार्ग नव्हता.

कॅशमध्ये नेमके काय असते

अडोबीचे प्रीमियर हे सॉफ्टवेअर १९९१ साली आले आणि २००३ साली ते 'प्रीमियर प्रो' या नावाने नव्याने लिहिले गेले. आपल्याकडील बहुतेक प्रयोगशाळांत तेच वापरले गेल्याने त्याच्या कॅशचे उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. दाबून लहान केलेल्या चित्रणात प्रत्येक चौकट पूर्ण नसते; काही चौकटी आधीच्या-नंतरच्या चौकटींतील फरकच केवळ नोंदवितात. मधल्या एखाद्या चौकटीवर थेट जावयाचे तर तिचा पत्ता आधी शोधून ठेवावा लागतो. त्या पत्त्यांची सूची कॅशमध्ये असते. ध्वनिलहरींच्या आकृतीसाठी पीईके हा प्रत्यय असलेली छोटी फाइल बनते. आणि दाबलेला ध्वनी संकलनात वारंवार उलगडावा लागू नये म्हणून तो एकदाच पूर्ण उलगडून सीएफए प्रत्ययाच्या फायलीत ठेवला जातो. सर्वाधिक जागा खाणाऱ्या फायलींत हिचा क्रम वरचा. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना ४ बाइटचा आणि वाहिन्या दोन, असा हिशेब केला तर तासाभराच्या मुलाखतीचा ध्वनी सुमारे १.४ गिगाबाइट होतो. वर्षभरात पन्नास मुलाखती हाताळणाऱ्या विभागाची डिस्क का भरते, हे यावरून ध्यानात यावे. मूळ फाइल हलविली, बदलली किंवा टाकून दिली तरी तिच्या या सावल्या कॅशमध्ये पडून राहतात. त्या शिळ्या झाल्या की गोंधळ सुरू होतो; प्रारंभी उल्लेखिलेली भलत्याच मुलाखतीची आकृती त्यातूनच दिसते.

या फायली साफ करण्याची स्वयंचलित व्यवस्था प्रीमियर प्रोच्या २०१७मधील एका आवृत्तीत आली. ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या किंवा ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेल्या फायली सॉफ्टवेअरने आपण होऊन काढाव्यात, अशी ती योजना. त्या आवृत्तीत एक दोष राहिला. कॅशची जागा वापरकर्त्याने बदलून दुसऱ्या एखाद्या फोल्डरमध्ये नेली असेल, तर सफाई कॅशच्या उपफोल्डरपुरती मर्यादित न राहता त्यांच्या शेजारी असलेल्या फायलींवरही चाले. अमेरिकेतील एका स्वतंत्र चित्रीकरणकाराने आपल्या बाह्य डिस्कवरील चित्रणाच्या फोल्डरमध्येच कॅशची जागा ठरविली होती. त्याने नोव्हेंबर २०१८मध्ये कॅलिफोर्नियात दाखल केलेल्या फिर्यादीनुसार त्याचे सुमारे १ लाख दृश्यखंड पुसले गेले आणि त्यांच्या चित्रीकरणाचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात होता. कंपनीने त्यापूर्वीच दुरुस्त आवृत्ती काढली होती. आता केवळ उपफोल्डरमधील फायली जातील, शेजारच्या फायलींना धक्का लागणार नाही, असा खुलासा तिने केला आणि मूळ चित्रणापासून कॅश वेगळी ठेवण्याची आग्रहाची शिफारसही केली.

हा दोष आज्ञावलीचा होता, यात शंका नाही. तथापि, चित्रणाच्या फोल्डरमध्ये कॅश ठेवणे त्या व्यावसायिकाला गैर का वाटले नसावे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारला पाहिजे. पंचवीस वर्षे तात्पुरते आणि मूळ यांना एकाच छपराखाली ठेवणारी सॉफ्टवेअर त्या व्यवसायात चालत आली होती, हे त्याचे एक उत्तर असू शकते. फायनल कटची २०११ साली आलेली नवी मालिका या बाबतीत अधिक सुजाण म्हणावी लागेल. तिच्या पुढील आवृत्त्यांत पुसण्याच्या आज्ञेमध्ये 'निर्माण झालेल्या फायली' अशा अर्थाचे शब्द आले. तात्पुरते हा शब्द काळ सांगतो. निर्माण झालेले हा शब्द वंशावळ सांगतो. पुसताना उपयोगी पडते ती वंशावळ.

एका महाविद्यालयातील अनुभव

प्रस्तुत लेखकाचा येथे थोडा प्रत्यक्ष संबंध येतो. पश्चिम महाराष्ट्रातील एका महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपाच्या आठवणी सांगणाऱ्या अकरा ज्येष्ठ व्यक्तींच्या मुलाखती चित्रित केल्या होत्या. कॅमेरा नवा, एव्हीसीएचडी पद्धतीचा होता. कार्डावरील चित्रण प्रयोगशाळेच्या संगणकावर 'कॅप्चर' नावाच्या फोल्डरमध्ये उतरवून कार्ड पुसण्यात आले. ते नाव कॅसेटच्या दिवसांपासून चालत आलेले होते आणि सत्राच्या शेवटी 'कॅप्चर' रिकामे करावयाचे, हा नियमही तेव्हापासूनचा. सत्र संपले. प्रयोगशाळा-साहाय्यकाने नियम पाळला. त्याला दोष देणे मला आजही जमत नाही. कपाटात कॅसेट नाहीत, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

चूक ध्यानात आली ती सुटीनंतर, आणि तोवर त्याच डिस्कवर नवे काम सुरू झाल्याने पुसलेल्या फायली परत मिळविण्याचे प्रयत्न विफल ठरले. मुलाखत दिलेल्यांपैकी दोघांचे दरम्यान निधन झाले होते. पाटण परिसरातील एका वृद्धेने त्या पहाटेच्या अंधारात घरातील माणसांना हाका मारून कसे मोजले, हे हातवारे करून सांगितले होते. ते हातवारे आता कोठेही नाहीत.

संगणक दुसऱ्या विभागाला द्यावयाचा म्हणून त्याची पूर्ण सफाई व्हावयाची होती. सी ड्राइव्हवर प्रीमियरची कॅश अजून तशीच होती, कारण सत्रान्ताच्या नियमात तिचा उल्लेख नव्हता. अकरांपैकी सात मुलाखती एकदा सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या गेल्या होत्या. त्यामुळे त्यांचा ध्वनी उलगडून सीएफए फायलींत साठविला गेला होता. या फायली ऐकण्यासाठी बनविलेल्या नसतात आणि नेहमीच्या ध्वनिवादकाला त्या उघडता येत नाहीत. ध्वनिसंपादनाच्या एका मुक्त सॉफ्टवेअरमध्ये त्या कच्च्या विदेप्रमाणे उघडून नमुन्यांची संख्या, प्रकार आणि वाहिन्या आपण सांगितल्या, तर मात्र आवाज येतो. एकदोन चुकीच्या प्रयत्नांत नुसतीच खरखर ऐकू आली. तिसऱ्या वेळी क्षणभर खरखर होऊन मग त्या वृद्धेने प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीला आधी चहा घेण्यास सांगितले.

त्या सात ध्वनिफायली साध्या, सर्वत्र वाजणाऱ्या स्वरूपात रूपांतरित करून त्यांच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. प्रत्येक मुलाखतीच्या लिखित प्रतीवर आरंभी एक ओळ आहे : 'चित्र उपलब्ध नाही. ध्वनी संकलनाच्या तात्पुरत्या फायलीवरून.' उरलेल्या चार मुलाखतींसाठी विद्यार्थ्यांच्या वह्यांतील टिपणे आहेत. त्या चौघांपैकी तिघांकडे विभाग पुन्हा जाऊन आला.